ताप गेला, त्राण आले नाही: श्वसनाच्या आजारानंतरच्या चिनी उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड, फ्लू किंवा तशाच विषाणूजन्य आजारात ताप चार-पाच दिवसांत उतरतो. खोकल्याची ढास, जिना चढताना लागणारी धाप, तोंडाची गेलेली चव आणि दुपारी अंथरुणाकडे ओढणारा थकवा मात्र आठवडेच्या आठवडे मागे राहतो. पारंपरिक चिनी वैद्यकात या काळासाठी वेगळी औषधे, वेगळे पथ्य आणि वेगळा व्यायाम आहे. त्याबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. काढ्यांची प्रमाणे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष काढा प्रशिक्षित चिनी वैद्याने तपासून दिल्याशिवाय घेऊ नका.

चिनी वैद्याकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे कधी जायला हवे?

बसल्या जागी धाप लागत असेल, ऑक्सिमीटर ९४ किंवा त्याखाली दाखवत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, एका पायाच्या पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल तर कोणत्याही काढ्याचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही फुप्फुसातील गुठळी, न्यूमोनिया किंवा हृदयाच्या त्रासाची लक्षणे असू शकतात.

भारतात आणखी एक गोष्ट कधीच विसरू नये. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर क्षयरोगासाठी बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. वजन घटणे, संध्याकाळची कणकण आणि रात्रीचा घाम ही लक्षणे चिनी वैद्यकातल्या ‘यिन’ म्हणजे शरीरातला ओलावा कमी होण्याच्या वर्णनाशी इतकी जुळतात की क्षयाचा रुग्ण महिनोन्महिने नुसता काढा पीत राहू शकतो.

आजार संपल्यावर वेगळा उपचार कशासाठी? विश्रांती पुरत नाही का?

बहुतेकांना विश्रांती आणि नीट खाणे पुरते. पण चिनी वैद्यकाच्या मते ताप उतरणे म्हणजे आजार संपणे नव्हे. ‘ह्वांगदी नेयजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या ‘सूवन’ भागात, तापावरच्या ३१व्या अध्यायात, बजावले आहे की ताप थोडा उतरलेला असताना मांस खाल्ले तर आजार उलटतो आणि जास्त खाल्ले तर तो रेंगाळतो. इसवी सन २००च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी लिहिलेल्या ‘शांगहान लुन’मध्ये तर बरे झाल्यावर श्रमाने उलटणाऱ्या आजारासाठी स्वतंत्र भाग आहे. खाण्याने उलटणे आणि श्रमाने उलटणे असे हे दोन धोके आहेत आणि आजही वैद्य सगळ्यात आधी त्यांच्याबद्दलच विचारतो.

याच भागात ‘झू ये शी गाव थांग’ हा काढा येतो. ताप गेला आहे, रुग्ण वाळला आहे, श्वास तोकडा पडतो आणि मळमळते, अशा अवस्थेसाठी तो सांगितला आहे. बांबूची पाने, जिप्सम, जिनसेंग, माय दोंग हे मूळ, बान श्या हा कंद, ज्येष्ठमध आणि तांदूळ अशी त्यात सात द्रव्ये आहेत. सहा द्रव्यांचा काढा झाला की त्यात तांदूळ घालायचे, ते शिजले की काढून टाकायचे आणि उरलेले पाणी प्यायचे. औषधाबरोबर पोटाला पेज देणारी ही युक्ती अठराशे वर्षांनीही तितकीच शहाणपणाची वाटते.

माझा प्रकार कोणता, हे कसे ओळखायचे?

चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने मार्च २०२० मध्ये कोविडच्या उपचार-मार्गदर्शिकेची सातवी आवृत्ती काढली. तिच्यात बरे होण्याच्या टप्प्याचे दोन प्रकार दिले आहेत आणि इतर विषाणूजन्य आजारांनंतरही वैद्य याच दोन टोकांमध्ये रुग्णाला शोधतात.

पहिला प्रकार फुप्फुस आणि प्लीहा यांची ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती कमी पडण्याचा. इथली प्लीहा म्हणजे शरीरातला तो अवयव नव्हे, तर अन्न पचवून त्याची शक्ती करण्याचे काम. आपण ज्याला अग्नी मंदावणे म्हणतो त्याच्या हे जवळ जाते. अशा माणसाला धाप लागते, अंग जड वाटते, भूक नसते, पोट फुगल्यासारखे होते आणि शौचाला पातळ होऊनही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. जीभ फिकट आणि फुगीर असते, कडेला दातांचे ठसे दिसतात, वर पांढरा चिकट थर असतो.

दुसरा प्रकार ‘ची’ आणि ‘यिन’ दोन्ही आटण्याचा. तापाने शरीरातला ओलावा सुकवला, असा याचा अर्थ. कोरडा खोकला, घशाला कोरड, तहान, छातीत धडधड, थोड्या हालचालीने घाम आणि कधी बारीक कणकण ही लक्षणे दिसतात. जीभ कोरडी असते, नाडी बारीक किंवा दाबली की नाहीशी होणारी.

प्रत्यक्षात बरेच लोक मधले असतात. घसा कोरडा आणि पोट चिकट, असे दोन्ही एकाच वेळी. अशा वेळी आधी पोट सुधारायचे आणि ओलावा देणारी औषधे मागून हळूहळू वाढवायची, असे आमचे ठाम मत आहे. माय दोंगसारखी गोड, चिकट मुळे बिघडलेल्या पोटात गेली की भूक उरलीसुरलीही जाते.

जीभ पाहताना काय चुकते?

आपल्याकडे सकाळी जिभलीने जीभ घासायची सवय असते. त्यामुळे वैद्याला जो थर पाहायचा असतो तोच गेलेला असतो. दाखवायला जायच्या दिवशी जीभ घासू नका. चहा, कॉफी, हळदीचे दूध, पान किंवा जांभळे खाल्ल्यावर अर्धा-एक तास थांबा. हळदीने पिवळा झालेला थर ‘उष्णता’ म्हणून वाचला गेला तर औषधच उलटे दिले जाते. ऑनलाइन सल्ला घेत असाल तर फोटो खिडकीशेजारी, दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली जीभ निळसर दिसते आणि पिवळ्या बल्बखाली थर पिवळा. जीभ ताणून फार वेळ बाहेर ठेवली तरी तिचा रंग गडद होतो. पाच-सहा सेकंद पुरे.

या दोन प्रकारांच्या काढ्यांत नेमके काय आणि किती असते?

त्या मार्गदर्शिकेतला पहिल्या प्रकारचा काढा असा: संस्कारित बान श्या ९ ग्रॅम, छन फी म्हणजे संत्र्याची मुरवलेली साल १० ग्रॅम, दांग शनचे मूळ १५ ग्रॅम, मधात परतलेले हुआंग चीचे मूळ ३० ग्रॅम, भाजलेला बाय जूचा कंद १० ग्रॅम, फू लिंग ही बुरशी १५ ग्रॅम, हुओ श्यांगचा पाला १० ग्रॅम, शा रनची फळे ६ ग्रॅम आणि ज्येष्ठमध ६ ग्रॅम. एकूण १११ ग्रॅम, तेही एका दिवसाचे. चमचाभर चूर्णाची सवय असलेल्यांना हा ढीग पाहून धक्का बसतो. हुओ श्यांग आणि शा रन वगळले तर उरलेला सांगाडा ‘ल्यू जुन त्झ थांग’ या जुन्या पाचक काढ्याचा आहे, त्यात हुआंग चीची भर. म्हणजे फुप्फुसाच्या आजारानंतरचा हा काढा मुख्यतः पोटासाठीच आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी: दक्षिणी आणि उत्तरी शा शनची मुळे प्रत्येकी १० ग्रॅम, माय दोंग १५, श्यी यांग शन म्हणजे अमेरिकन जिनसेंग ६, वू वेय त्झची फळे ६, जिप्सम १५, दान झू येची पाने १०, तुतीची पाने १०, लू या पाणथळ गवताची मुळे १५, दान शनचे मूळ (पहिल्या काढ्यातले दांग शन वेगळे) १५ आणि कच्चे ज्येष्ठमध ६ ग्रॅम. जिनसेंग, माय दोंग आणि वू वेय त्झ ही तीन मिळून ‘शंग माय सान’ होते आणि जिप्सम व पानांची जोडी थेट झांग झोंगजिंग यांच्या त्या जुन्या काढ्यातून आलेली दिसते.

दोन्हींना दिवसाला एक मात्रा, ४०० मिली काढा, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा.

काढा घरी कसा करायचा?

भांडे मातीचे, काचेचे, इनॅमलचे किंवा स्टीलचे घ्या. लोखंडी कढई आणि हिंदालियमचे पातेले नको. वनस्पतींतल्या तुरट द्रव्यांची लोखंडाशी क्रिया होऊन काढा काळा पडतो आणि तो प्यायल्यावर मळमळते. कुकरही नको, कारण मधेच झाकण उघडून द्रव्ये घालावी लागतात.

द्रव्ये धूळ जाण्यापुरती एकदाच धुवा. साध्या गार पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, पाणी द्रव्यांच्या वर दोन-तीन सेंटीमीटर असू द्या. भिजवणे टाळून थेट उकळत्या पाण्यात टाकले तर फू लिंगसारख्या पिठूळ तुकड्यांचा बाहेरचा थर शिजून बंद होतो आणि आतले आतच राहते. काढा पातळ होण्याचे पहिले कारण हेच.

मोठ्या आचेवर उकळी आणा, मग आच बारीक करून अर्धा तास ठेवा. साधारण २०० मिली गाळून घ्या. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे उकळा आणि आणखी २०० मिली काढा. दोन्ही एकत्र करून मगच दोन वाटण्या करा. पहिला काढा दाट आणि दुसरा पातळ असतो. ते वेगवेगळे प्यायले तर सकाळची मात्रा जड आणि संध्याकाळची नुसते पाणी होते.

काही द्रव्यांची वेळ वेगळी असते. जिप्समचा दगड कुटून इतरांच्या आधी वीस-तीस मिनिटे उकळायचा. शा रन कुटून पहिल्या उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे. ते वेलदोड्याच्याच कुळातले आहे आणि वेलची तासभर उकळली तर तिचे काय होते हे चहा करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जिनसेंगच्या चकत्या वेगळ्या वाटीत झाकून मंद आचेवर तासभर शिजवायच्या, ते पाणी काढ्यात मिसळायचे आणि चकत्या चावून खायच्या. इतक्या महाग वस्तूचा अर्क चोथ्यात जाऊ देऊ नये.

काढा खाली लागला तर सगळा फेकून द्या. पाणी घालून पुन्हा उकळू नका. संध्याकाळची मात्रा झाकून फ्रिजमध्ये ठेवा, पिण्याआधी गरम करा आणि चोवीस तासांनंतर उरलेला टाकून द्या. पोट नाजूक असेल तर जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने कोमट घ्या.

रोज एवढा खटाटोप जमत नाही. तयार दाणेदार अर्क चालतो का?

चालतो. सिंगापूर, तैवान, चीन आणि युरोपातले अनेक वैद्य तोच देतात. साधारण पाच ग्रॅम वनस्पतीचा एक ग्रॅम अर्क असे गुणोत्तर असते, पण कंपनीनुसार ते बदलते. पाकिटावरचे गुणोत्तर वाचल्याशिवाय वरचे ग्रॅम अर्काला लावू नका, नाहीतर मात्रा पाचपट होईल.

आजारात आणलेल्या ल्यानहुआ छिंगवनच्या कॅप्सूल उरल्या आहेत. खोकल्यासाठी घेऊ का?

नको. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न सारखा येतो. हे औषध ताप चालू असतानाचे आहे. त्यात मा हुआंग आहे, म्हणजे एफेड्रीन असलेली सोमलतेच्या कुळातली वनस्पती, आणि दा हुआंग म्हणजे रेवंदचिनी आहे. पहिल्याने घाम येतो, धडधड आणि रक्तदाब वाढतो, दुसऱ्याने पोट सुटते. ज्याला आधीच घाम, धडधड आणि पातळ शौच आहे त्याला हे देणे म्हणजे दुखण्यावर डागणी. जिन्हुआ छिंगगान आणि छिंगफेय पायदू या चिनी औषधांनाही हेच लागू. ही आजाराशी लढण्याची औषधे आहेत, झीज भरून काढण्याची नाहीत.

मग उलट, लवकर ताकद यावी म्हणून लगेच जिनसेंग सुरू करावे का?

हीदेखील तितकीच मोठी चूक. चिनी वैद्य याला दार लावून चोराला घरातच कोंडणे म्हणतात. घसा अजून दुखतोय, कफ पिवळा आहे, जिभेवर जाड थर आहे, संध्याकाळी अंग कढत होते, म्हणजे आजार अजून निघालेला नाही. अशात जिनसेंग किंवा भरपूर हुआंग ची घेतले की छाती भरल्यासारखी होते, झोप उडते, तोंड येते आणि खोकला लांबतो. थर पातळ होऊन भूक परत येऊ लागली की मगच बल्य औषध. भूक हीच खरी खूण.

‘यू फिंग फंग सान’ कोणासाठी?

हुआंग ची, बाय जू आणि फांग फंग हे मूळ असे हे तीन द्रव्यांचे चूर्ण आहे. चिनी औषधसंहितेतल्या दाणेदार रूपात त्यांचे प्रमाण ३:१:१ आहे. जरा हालचाल केली की घाम, जरा वारा लागला की शिंका आणि महिन्यातून दोनदा सर्दी, अशा माणसासाठी ते आहे. ताप किंवा नवी सर्दी असताना बंद ठेवा. कोरड्या खोकल्यावर याचा उपयोग नाही.

नेहमीच्या गोळ्यांबरोबर काय टाळायचे?

या प्रश्नाचे उत्तर सावकाश वाचा.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर दान शन घेऊ नका, ते वॉरफरिनचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. अमेरिकन जिनसेंग उलट तो परिणाम कमी करते. कोविडनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अनेकांना दिल्या जातात आणि वरच्या दुसऱ्या काढ्यात ही दोन्ही द्रव्ये आहेत, म्हणून ही पहिली चौकशी.

ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. लघवीच्या गोळ्या, हृदयासाठीचे डिगॉक्सिन किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांना ते जास्त बाधते. काढ्यातले ६ ग्रॅम, वरून घशासाठी चघळलेली काडी आणि शिवाय आयुर्वेदिक सिरप, अशी बेरीज कोणी करत नाही. ती करायला हवी.

अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी वू वेय त्झ अजिबात घेऊ नये, ते टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढवते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर हुआंग चीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नये. दम्याचा इनहेलर कोणत्याही काढ्यासाठी बंद करायचा नाही.

खायचे काय?

चीनमध्ये जे ‘चौ’ ते आपल्याकडे पेज. पन्नास ग्रॅम तांदूळ आणि सहाशे-सातशे मिली पाणी, बारीक आचेवर तासभर, तांदूळ फुटून पाण्याशी एकजीव होईपर्यंत. वर जमणाऱ्या दाट निवळीला चिनी लोक ‘मी यौ’, म्हणजे तांदळाचे तेल, म्हणतात आणि अगदी अशक्त माणसाला आधी तीच पाजतात. भूक जरा वाढली की त्यात शान याव घालतात. हा कोनफळाच्या कुळातला पांढरा कंद आहे. भिजवलेले कमळबी १५ ग्रॅम आणि बिया काढलेले चार-पाच लाल खजूर घालायचीही पद्धत आहे. हे खजूर म्हणजे आपल्या बोराचे भाऊबंद, ताडाच्या झाडाचा खजूर नव्हे. मधुमेह असेल तर ते वगळा आणि पेजही बेतानेच घ्या, कारण गळून शिजलेला भात साखर झपाट्याने चढवतो.

मांसाबद्दलचा जुना इशारा कायमच्या शाकाहाराचा नाही. पहिले आठ-दहा दिवस तळलेले, तुपकट, गोड आणि फ्रिजमधले गार टाळा. मग अंडे, मासे, चरबी काढलेल्या कोंबडीचे पातळ सूप. प्रथिने लवकर सुरू व्हायला हवीत, कारण आजारात स्नायू झिजलेले असतात. मऊ भात, मेतकूट आणि मुगाचे कढण यांवर कोणत्याही चिनी वैद्याची हरकत नसेल.

खोकल्यासाठी पेअर आणि छ्वान बेय खरेच चालते का?

कोरड्या ढाशीला चालते, ओल्या कफाला नाही. पेअरचे वरचे टोक कापून आतला गाभा काढा, त्यात छ्वान बेय या औषधी कंदाची दोन-तीन ग्रॅम पूड आणि थोडी खडीसाखर घाला, टोपी परत बसवून वाटीत पाऊण तास वाफवा. फळ आणि सुटलेला रस दोन्ही घ्या. कफ पांढरा, फेसाळ आणि भरपूर असेल, थंडीने वाढत असेल, तर हेच पेअर खोकला वाढवते. छ्वान बेय हा महाग कंद असल्याने त्यात स्वस्त जातींची भेसळ सर्रास होते. नुसते वाफवलेले पेअरही घशाला आराम देते.

व्यायाम कधी आणि किती?

फेब्रुवारी २०२० मध्ये वूहानच्या ज्यांगश्या इथल्या तात्पुरत्या इस्पितळात चिनी वैद्यकाची पथके काम करत होती आणि तिथले रुग्ण खाटांमधल्या जागेत बादुआनजिन करत. आठ सोप्या हालचालींचा हा जुना संच आहे. त्याचे प्रमाणित रूप चीनच्या क्रीडा प्रशासनाने या शतकाच्या सुरुवातीला ठरवले. पूर्ण संचाला साधारण बारा मिनिटे लागतात.

पहिल्या आठवड्यात खुर्चीत बसून फक्त पहिल्या तीन हालचाली करा. पहिली: बोटे एकमेकांत गुंफून तळवे आकाशाकडे ढकलायचे, हात वर जाताना श्वास आत आणि खाली येताना बाहेर. दुसरीत धनुष्य ताणल्यासारखे एका बाजूला, मग दुसऱ्या. तिसरीत एक तळवा वर आणि दुसरा खाली दाबायचा. सहावी, पुढे वाकून पायांना हात लावण्याची हालचाल सुरुवातीला सोडून द्या. वर येताना भोवळ येते. आठवीत टाचा सात वेळा उचलून सोडायच्या. वृद्धांनी भिंतीचा आधार घ्यावा.

हालचाल करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेल्यासारखे वाटले तर व्यायाम निम्म्यावर आणा. दोनदा तसे झाले तर आठवडाभर थांबा. श्रमाने आजार उलटतो हा जुना इशारा दीर्घ कोविडच्या रुग्णांना शब्दशः लागू पडतो. मन घट्ट करून रेटत राहिलेले लोक महिनोन्महिने मागे जातात.

सहा ध्वनींचा श्वास म्हणजे काय?

‘ल्यू त्झ ज्युए’. श्वास नाकाने घ्यायचा आणि सोडताना एकेक ध्वनी लांबवायचा: श्यू, ह, हू, स्, छुई, शी. प्रत्येकी सहा वेळा. फुप्फुसासाठी ‘स्’ मानला जातो. दात जवळ आणून, जीभ त्यांच्यामागे ठेवून हवा बारीक धारेने बाहेर सोडायची. श्वास घ्यायला तीन आकडे लागले तर सोडायला सहा. फिजिओथेरपिस्ट ओठांचा चंबू करून जो श्वास शिकवतात त्याचेच हे भावंड आहे. बाहेर जाणाऱ्या हवेला थोडा अडथळा मिळाला की बारीक श्वासनलिका लवकर मिटत नाहीत. जोर लावला तर ढास लागते, भरभर केले तर चक्कर येते.

मोक्सा, बिंदूंवर दाब, कपिंग यांचे काय?

मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातल्या आय वनस्पतीची वात पेटवून बिंदूला दिलेला शेक. चिनी पुनर्वसन-मार्गदर्शनात तो सुचवला आहे, पण फुप्फुस नुकतेच बरे होत असताना बंद खोलीत धूर करणे आम्हाला पटत नाही. करायचाच तर खिडकी उघडी, वात त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर, दहा-पंधरा मिनिटे आणि त्वचा गुलाबी झाली की बंद. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर कधीच नको, भाजल्याचे कळतही नाही.

दाब देणे मात्र निर्धास्तपणे करता येते. ‘झू सान ली’ शोधा: गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा असतो, तिथून स्वतःची चार बोटे खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. दाबल्यावर खोल, बोथट कळ येते. रोज दोन्ही पायांना तीन-तीन मिनिटे अंगठ्याने दाबा. पाठीवरचा ‘फेय शू’ दुसऱ्याकडून दाबून घ्या. मान वाकवल्यावर सर्वांत उठून दिसणारा मणका मानेचा सातवा. त्याखालून तिसरा मणका मोजा आणि त्याच्या खालच्या कडेला दोन्हीकडे दोन-दोन बोटे बाजूला जा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना कपिंग, म्हणजे त्वचेवर हवा काढलेले पेले चिकटवणे, नको.

याला पुरावा किती आहे?

काढ्यांसाठी बेताचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कोविडमधल्या चिनी औषधांवर तज्ज्ञांची बैठक घेतली, पण तिथला मुख्य विषय आजार चालू असतानाचा उपचार होता. बरे होण्याच्या काळातले अभ्यास बहुधा लहान आहेत. काढ्याची चव आणि वास लपवता येत नसल्याने कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही कळते. त्यातच बहुतेक जण काळाबरोबर आपोआप सुधारतात. मंद व्यायाम आणि श्वसनाचा सराव यांचा पाया अधिक भक्कम आहे, म्हणून पैसा आणि वेळ कमी असेल तर तो आधी तिथे घाला.

आयुर्वेदिक काढ्याबरोबर घेता येईल का?

दोन्ही एकदम नको. २०२०च्या आयुष काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी होती. कोरड्या खोकल्याच्या प्रकारात चिनी वैद्य नेमके हेच उष्ण, कोरडे पदार्थ थांबवायला सांगेल. एक पद्धत निवडा आणि तिच्या वैद्याला दुसरीकडे काय चालू होते ते सांगा.

भारतात कोणाकडे जायचे? आणि औषधे कुठून घ्यायची?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले त्यातलेच डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात रुजवले. त्यामुळे इथे सुया परिचित झाल्या, वनस्पती नाही. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारा. पण अॅक्युपंक्चरची नोंदणी म्हणजे चिनी वनौषधींचे शिक्षण नव्हे. सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियात राहत असाल तर तिथे चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, नाव त्या यादीत पाहा.

सुटी, नाव नसलेली पुडी घेऊ नका. खोकल्यावरचे जुने औषध मा दौ लिंग यात अॅरिस्टोलोकिक आम्ल असते. त्याने मूत्रपिंड कायमचे निकामी होते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चिनी औषधसंहितेच्या २०२० आवृत्तीतून ते वगळले आहे, जुन्या साठ्यात मात्र सापडू शकते. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात वजन घटवण्याच्या औषधात एका मुळाऐवजी नावाने जवळचे दुसरे मूळ गेले आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली. म्हणून पाकिटावर वनस्पतीचे लॅटिन नाव, बॅच आणि तपासणीचा उल्लेख हवाच.

प्राणिज घटक असलेले काहीही नको. खवले मांजराचे खवले त्याच २०२० आवृत्तीतून वगळले गेले आहेत आणि आजारानंतरच्या काढ्यांत त्यांना कधीच जागा नव्हती. तरी कोकणात या मुक्या जिवाची शिकार होतेच. भारतात तो गंभीर गुन्हा आहे.

किती दिवस घ्यायचे?

पाच ते सात दिवसांची औषधे घेऊन पुन्हा दाखवायचे, ही पद्धत चांगली आहे, कारण जीभ आणि भूक बदलली की काढाही बदलायला हवा. आठवड्यात भूक, झोप आणि शौच यांपैकी एकही सुधारले नाही तर निदान चुकले असे समजा. पोट बिघडले, अंगावर पुरळ आले, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्या क्षणी बंद करा आणि औषधाचे पाकीट बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी सगळे थांबवा. सर्व ठीक चालले असेल तर चार ते सहा आठवड्यांत काढा सुटून पेज, व्यायाम आणि झोप एवढेच उरायला हवे.